आपल्या वतीने घेतलेला निर्णय : लिनक्स वितरणाची डीफॉल्ट फाइल सिस्टिम कशी ठरते?

संगणकावर लिनक्स बसवताना एक पडदा असा येतो की तेथे बहुतेक लोक काहीही न बदलता ‘पुढे’ हे बटण दाबतात. डिस्कचे विभाग कसे पाडायचे आणि त्यांवर कोणती फाइल सिस्टिम घालायची, हे त्या पडद्यावर ठरत असते. ज्याला या विषयातले कळते तो तेथे थांबतो आणि हवे ते निवडतो. बाकी सगळ्यांची निवड वितरण, म्हणजे लिनक्स आणि त्यासोबतची सॉफ्टवेअरे यांचा बसवण्याजोगा संच, तयार करणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेली असते. हीच ‘डीफॉल्ट’ निवड. ‘पुढे’ दाबणाऱ्या माणसाचे फोटो, हिशेबाच्या वह्या, मुलांचे शाळेचे प्रकल्प पुढची पाच-सात वर्षे या एका निवडीवर विसंबून राहतात, आणि आपल्या वतीने कोणी काही ठरवले आहे हे त्याला बहुधा ठाऊकही नसते. म्हणूनच वितरण बनवणाऱ्यांच्या सगळ्या निर्णयांमध्ये मला हा निर्णय सर्वांत जबाबदारीचा वाटतो.

या निर्णयामागचा विचार समजून घेण्यासाठी एक खरे कोडे समोर ठेवतो. रेड हॅट या कंपनीने मे 2019 मध्ये आपल्या ‘रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स’ या वितरणाची 8वी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यातून ‘बीटीआरएफएस’ ही फाइल सिस्टिम पूर्णपणे काढून टाकलेली होती. त्यानंतर दीड वर्षही झाले नव्हते, तोच 27 ऑक्टोबर 2020 रोजी फेडोरा या वितरणाची 33वी आवृत्ती आली आणि तिच्या डेस्कटॉपवर नेमकी तीच बीटीआरएफएस डीफॉल्ट झाली. फेडोरा हा रेड हॅटच्याच पाठबळावर चालणारा प्रकल्प आहे. किंबहुना आज फेडोरात जे येते त्यातूनच उद्याचे रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स घडते. एकाच घरात एकीकडे एक वस्तू बाहेर ठेवली जाते आणि दुसरीकडे तीच दिवाणखान्यात मांडली जाते, हे कसे? माझ्या मते दोन्ही निर्णय बरोबर होते. ते तसे का, हे समजले की डीफॉल्ट म्हणजे काय हेही समजते.

प्रथम फाइल सिस्टिमचे काम पाहू. डिस्कला ‘फाइल’ ही कल्पना माहीत नसते. तिच्या लेखी केवळ क्रमांक घातलेले कप्पे असतात. फाइल सिस्टिम सहसा 4,096 बाइटांचा एक कप्पा धरून चालते आणि कोणत्या कप्प्यांत कोणत्या फाइलचा मजकूर आहे, कोणते कप्पे रिकामे आहेत, फाइल कोणाच्या मालकीची आहे, ती कोणत्या फोल्डरमध्ये कोणत्या नावाने दिसते, याचा हिशेब ठेवते. हा हिशेब दुकानाच्या खतावणीसारखा असतो. प्रत्येक फाइलचे एक खाते, म्हणजे एक पान असते; त्याला ‘आयनोड’ म्हणतात. एक साधी फाइल जपून ठेवायची तरी किमान तीन ठिकाणी नोंद करावी लागते : कप्पे व्यापल्याची नोंद, फाइलच्या पानावरची नोंद आणि फोल्डरच्या यादीतले नाव. दुसरी नोंद झाली आणि तिसरी होण्याआधी वीज गेली, तर खतावणी जुळत नाही. काही कप्पे व्यापलेले दिसतात, पण ते कोणाचे हे कोठेच लिहिलेले नसते.

रेमी कार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये तयार केलेली ‘ईएक्सटी2’ ही फाइल सिस्टिम अशा प्रसंगी एकच उपाय जाणत होती : संगणक पुन्हा सुरू झाला की खतावणीचे पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक पान तपासायचे. डिस्क लहान होत्या तोवर हे चालून गेले. पुढे डिस्क मोठ्या झाल्या आणि ही तपासणी इतकी लांबू लागली की सर्व्हर पुन्हा सुरू होण्याची वाट पाहत लोक बसून राहू लागले. जिथे वीज जाणे ही रोजची गोष्ट आहे आणि यूपीएस प्रत्येकाकडे नाही, तिथे ही अडचण किती खरी होती हे वेगळे सांगायला नको.

दुकानदारांना यावरचा उपाय पिढ्यानपिढ्या माहीत होता. खतावणीला हात लावण्याआधी ते रोजकीर्दीत लिहितात. ‘ईएक्सटी3’ने तेच केले. स्टीफन ट्वीडी यांनी ईएक्सटी2ला एक कीर्द जोडली. तिला ‘जर्नल’ म्हणतात. होऊ घातलेले बदल आधी कीर्दीत एकगठ्ठा लिहायचे, ती नोंद पूर्ण झाल्याची खूण करायची आणि मगच ते खतावणीत उतरवायचे. मध्येच वीज गेली तर पुन्हा सुरू होताना फक्त कीर्द वाचायची : पूर्ण झालेली नोंद खतावणीत चढवायची, अर्धवट राहिलेली सोडून द्यायची. तासांचे काम सेकंदांवर आले. एक गोष्ट मात्र येथेच लक्षात ठेवायला हवी, कारण पुढे तिचा संबंध येणार आहे : या कीर्दीत सहसा फक्त खतावणीतले बदल लिहिले जातात, फाइलमधला मजकूर लिहिला जात नाही.

रेड हॅट लिनक्स 7.2 मध्ये, म्हणजे ऑक्टोबर 2001 मध्ये, ईएक्सटी3 डीफॉल्ट झाली. त्या काळी ती सर्वांत वेगवान नव्हती. ‘रायझरएफएस’ लहान-लहान फाइलींच्या बाबतीत तिच्यापेक्षा सरस होती आणि तिलाही कीर्द होती. ‘एक्सएफएस’ मोठ्या यंत्रांवर मुरलेली होती. तरीही ईएक्सटी3 निवडली गेली, आणि तिच्या बाजूचा एक मोठा गुण अगदी साधा होता. जुन्या ईएक्सटी2 डिस्कवरचे काहीही न हलवता तिला कीर्द जोडता येत होती, आणि काही बिनसलेच तर तीच डिस्क पुन्हा ईएक्सटी2 म्हणून उघडता येत होती. परतीची वाट उघडी होती. लाखो अनोळखी लोकांच्या डिस्कवर काही नवे घालायचे असेल, तर ही सोय वेगापेक्षा मोलाची आहे.

त्याच वेळी सुसे वितरणाने रायझरएफएसला पसंती दिली होती आणि ती काही वर्षे चांगली चाललीही. पण 2006 मध्ये सुसेच्या अभियंत्यांनी ती सोडून ईएक्सटी3कडे जाण्याचे ठरवले. रायझरएफएसच्या मूळ कर्त्यांचे सगळे लक्ष तिच्या पुढच्या पिढीकडे वळले होते आणि जुन्या फाइल सिस्टिमची काळजी वाहणारे हात कमी झाले होते. शेवटी जानेवारी 2025 मध्ये आलेल्या 6.13 क्रमांकाच्या कर्नलमधून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातून, ती काढूनच टाकण्यात आली. फाइल सिस्टिम निवडताना वितरण केवळ तिचे गुणधर्म निवडत नाही, तर ती सांभाळणारी माणसेही निवडत असते. रात्री अडीच वाजता एखाद्याची डिस्क उघडेनाशी होते आणि त्याची तक्रार येते, तेव्हा तो कोड वाचून दोष शोधू शकणारे किती जण आहेत आणि ते पुढच्या पाच वर्षांनीही तेथे असतील का, हा प्रश्न वेगाच्या आलेखांवर दिसत नाही.

‘ईएक्सटी4’ डिसेंबर 2008 च्या 2.6.28 कर्नलमध्ये स्थिर म्हणून आली. जून 2009 मध्ये फेडोरा 11 ने आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उबुंटू या दुसऱ्या वितरणाच्या 9.10 आवृत्तीने ती डीफॉल्ट केली. या दोन्हींच्या आधी एक प्रकरण घडले, आणि डीफॉल्टचा विषय समजावताना मी नेहमी तेच जवळून दाखवतो.

2009 च्या सुरुवातीला उबुंटू 9.04 ची चाचणी आवृत्ती वापरणाऱ्यांकडून तक्रारी येऊ लागल्या : संगणक अचानक बंद पडला आणि पुन्हा सुरू केला तर डेस्कटॉपच्या मांडणीच्या फाइली जागेवर आहेत, पण त्यांचा आकार शून्य आहे. आत काय घडत होते ते पाहा. एखादा प्रोग्राम आपली सेटिंग्जची फाइल बदलताना नवा मजकूर एका तात्पुरत्या फाइलमध्ये लिहितो आणि मग तिला जुन्या फाइलचे नाव देतो. नाव बदलणे ही खतावणीतली नोंद असल्यामुळे ती कीर्दीत लगेच जाते. मजकूर मात्र ईएक्सटी4 काही काळ मेमरीतच ठेवते, कारण थोडे थांबून एकत्र लिहिले तर त्याला डिस्कवर सलग जागा देता येते आणि वेग वाढतो. हा काळ अर्ध्या मिनिटाहूनही अधिक असू शकत होता. तेवढ्यात वीज गेली की नाव नव्या फाइलचे, जुनी फाइल गेलेली आणि नव्या फाइलचा मजकूर डिस्कपर्यंत पोहोचलेलाच नाही, अशी अवस्था होई. ईएक्सटी3 दर पाच सेकंदांनी कीर्द पक्की करत असे आणि त्याआधी मजकूर लिहून टाकत असे, त्यामुळे हा धोका तिच्यात जवळजवळ झाकलेला राहिला होता.

नियमाने पाहिले तर ईएक्सटी4चे काहीच चुकत नव्हते. मजकूर डिस्कवर पक्का पोहोचावा असे प्रोग्रामला वाटत असेल तर त्याने तशी स्पष्ट विनंती करावी, असे युनिक्सचा लेखी नियम सांगतो, आणि ईएक्सटी4चे प्रमुख देखभालकर्ते थिओडोर त्सो यांनी ते समजावूनही सांगितले. पण त्यांनी तेवढ्यावर थांबणे पसंत केले नाही. नाव बदलून जुनी फाइल पुसली जात आहे असे दिसले की मजकूर आधी लिहायचा, अशी दुरुस्ती त्यांनी स्वतःच तयार केली आणि ती 2.6.30 कर्नलमध्ये आली. मला या गोष्टीचे फार महत्त्व वाटते. हजारो प्रोग्राम वर्षानुवर्षे एका सवयीवर विसंबून लिहिले गेले असतील, तर ‘नियमात तसे म्हटलेले नाही’ हे उत्तर ज्याची फाइल रिकामी झाली त्याच्या काहीच उपयोगाचे नाही. जी फाइल सिस्टिम डीफॉल्ट व्हायची आहे, तिला लेखी नियम पाळून भागत नाही. लोकांच्या रूढ झालेल्या सवयीही पोटात घ्याव्या लागतात.

त्यानंतर ईएक्सटी4 इतकी रुळली की उबुंटू आणि डेबियनमध्ये आजही तीच डीफॉल्ट आहे. सर्व्हरच्या जगात मात्र रेड हॅटने जून 2014 मध्ये, 7व्या आवृत्तीत, एक्सएफएसची निवड केली. एक्सएफएस मूळची सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीची. तिचे काम 1993 मध्ये सुरू झाले आणि ती त्या कंपनीच्या आयरिक्स प्रणालीवर वाढली. ती डिस्कचे अनेक स्वतंत्र भाग करते आणि प्रत्येक भागाचा हिशेब वेगळा ठेवते, त्यामुळे अनेक प्रोग्राम एकाच वेळी लिहीत असले तरी एका खतावणीपुढे रांग लागत नाही. रेड हॅटने 7व्या आवृत्तीत एक्सएफएससाठी 500 टेराबाइटांपर्यंत आणि ईएक्सटी4साठी 50 टेराबाइटांपर्यंत पाठिंबा जाहीर केला होता. तिची एक ठळक उणीव म्हणजे ती वाढवता येते, पण लहान करता येत नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्याला डिस्क बहुधा वाढवायचीच असते, त्याला हे फारसे जाणवत नाही. लॅपटॉपवर दुसरी प्रणाली शेजारी बसवण्यासाठी जागा काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हीच गोष्ट अडवते. ज्या कामासाठी जी घडली, त्या कामात तिला तोड नाही.

आता बीटीआरएफएस. हिची कल्पना मुळातच वेगळी आहे. क्रिस मेसन यांनी ऑरॅकल कंपनीत असताना 2007 मध्ये ती जाहीर केली आणि मार्च 2009 च्या 2.6.29 कर्नलमध्ये ती आली. कीर्द आणि खतावणी असे दोनदा लिहिण्याऐवजी ती एक कडक शिस्त पाळते : लिहिलेल्या पानावर कधीही खाडाखोड करायची नाही. बदल करायचा असेल तर नवे पान घ्यायचे, त्यावर सुधारित मजकूर लिहायचा, मग त्या पानाकडे बोट दाखवणारी अनुक्रमणिकाही नव्या पानावर लिहायची, आणि सगळ्यात शेवटी वहीच्या पहिल्या पानावरची खूण नव्या अनुक्रमणिकेकडे वळवायची. वीज कोणत्याही क्षणी गेली तरी पहिल्या पानावरची खूण जुन्या पूर्ण वहीकडे तरी असते किंवा नव्या पूर्ण वहीकडे तरी.

या शिस्तीतून एक मोठी सोय आपसूक मिळते. जुने पान पुसलेच जात नसेल, तर ‘ही वही आज जशी आहे तशी राहू दे’ असे सांगणे जवळपास फुकटात होते. यालाच ‘स्नॅपशॉट’ म्हणतात. सुसेने याचा चांगला उपयोग केला. ऑक्टोबर 2014 मधल्या सुसे लिनक्स एंटरप्राइझ सर्व्हर 12 मध्ये आणि त्याच नोव्हेंबरमधल्या ओपनसुसे 13.2 मध्ये प्रणालीच्या मूळ विभागासाठी बीटीआरएफएस डीफॉल्ट झाली. ‘स्नॅपर’ नावाचे साधन सॉफ्टवेअर अद्ययावत करण्याच्या आधी आणि नंतर आपोआप एकेक स्नॅपशॉट घेते. अद्ययावत केल्यावर संगणक नीट चालेना झाला, तर सुरू होतानाच्या यादीतून कालची प्रणाली निवडता येते. लक्ष देण्यासारखी गोष्ट ही की सुसेने वापरकर्त्यांच्या फाइली आणि प्रणालीच्या नोंदी या मागे फिरण्यातून मुद्दाम वगळल्या. प्रणाली कालच्या दिवसावर नेताना कोणाचे आज आलेले पत्र किंवा आज झालेला व्यवहार पुसला जाऊ नये, आणि काय बिघडले हे सांगणारी नोंद तर मुळीच जाऊ नये. डीफॉल्ट ठरवणे हे अशा बारकाव्यांचे काम आहे. फाइल सिस्टिमचे नाव जाहीर करणे हा त्यातला सर्वांत सोपा भाग.

बीटीआरएफएसचा दुसरा गुण मला व्यक्तिशः सर्वांत मोलाचा वाटतो. शाळेत गणित सोडवल्यावर आपण ताळा करून पाहतो, तशी ती प्रत्येक कप्प्यातल्या मजकुराचा एक ताळा काढून वेगळा लिहून ठेवते आणि वाचताना दर वेळी तो पडताळून पाहते. समजा, दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाच्या फोटोतला एक बिट डिस्कच्या दोषामुळे उलटला. ईएक्सटी4ही आपल्या खतावणीच्या पानांचे ताळे ठेवू शकते, पण फाइलमधल्या मजकुराचा ताळा ती ठेवत नाही. डिस्कने जे दिले ते ती प्रोग्रामच्या हातात देते. फोटो अर्ध्यावर करडा दिसतो आणि हे केव्हा घडले ते कधीच कळत नाही. त्याहून वाईट म्हणजे तोच बिघडलेला फोटो पुढच्या बॅकअपमध्ये चांगल्या प्रतीच्या जागी जाऊन बसतो. बीटीआरएफएस अशा वेळी फाइल देण्याचे नाकारते आणि चूक कोठे आहे ते नोंदवते. दुसऱ्या डिस्कवर प्रत असेल तर तिच्यावरून दुरुस्तीही करते. एकच डिस्क असेल तर मजकूर परत आणू शकत नाही, पण चांगला बॅकअप हाती असतानाच आपल्याला सावध करते.

या शिस्तीची किंमतही आहे आणि ती लपवून ठेवण्यात अर्थ नाही. डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीनची (संगणकाच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाची) प्रतिमा ही एक भलीमोठी फाइल असते आणि तिच्यात जागोजागी लहान बदल सतत होत असतात. प्रत्येक बदल नव्या पानावर गेला की थोड्याच दिवसांत त्या फाइलचे हजारो तुकडे डिस्कभर विखुरतात. अशा फाइलींसाठी ही शिस्त बंद ठेवता येते, पण मग त्यांच्या मजकुराचा ताळाही ठेवला जात नाही. अनेक डिस्कांवर मजकूर वाटून ठेवण्याच्या रेड 5 आणि रेड 6 या पद्धती बीटीआरएफएसवर भरवशाच्या कामासाठी वापरू नका, असे तिची अधिकृत माहितीपुस्तिकाच सांगते.

सामान्य माणसाला सर्वाधिक गोंधळात टाकते ती मात्र मोकळी जागा. तो 20 जीबीचे चित्रीकरण पुसतो आणि मोकळ्या जागेचा आकडा हलतही नाही, कारण एखाद्या स्नॅपशॉटने ती पाने अजून धरून ठेवलेली असतात. पण असे कोडे इतरत्रही पडते, हेही सांगायला हवे. ईएक्सटी4 डिस्क तयार होतानाच आयनोडची संख्या ठरवून टाकते, नेहमीच्या मांडणीत साधारण दर 16 केबी जागेमागे एक. लाखो अगदी छोट्या फाइली साठल्या तर डिस्कवर जागा शिल्लक असूनही ‘जागा नाही’ असा संदेश येतो. शिवाय ती 5 टक्के जागा प्रशासकासाठी राखून ठेवते, म्हणजे एक टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे 50 जीबी. प्रत्येक फाइल सिस्टिमच्या पोटात असे काही लहान डीफॉल्ट दडलेले असतात.

फेडोराकडे परत येऊ. 2020 मधला हा त्या प्रकल्पाचा पहिला प्रयत्न नव्हता. 2011 मध्ये फेडोरा 16 साठीच बीटीआरएफएस डीफॉल्ट करण्याचे ठरत होते, पण बिघडलेली डिस्क दुरुस्त करणारे भरवशाचे साधन तेव्हा तयार नव्हते, म्हणून ते पुढे ढकलले गेले. हे पुढे ढकलणे नऊ वर्षे चालले. मला त्यात दिरंगाई दिसत नाही. दुरुस्तीचे साधन नसताना फाइल सिस्टिम लोकांच्या हाती देणे म्हणजे दवाखान्यात डॉक्टर नसताना शस्त्रक्रियेची तारीख देणे होते.

2020 च्या उन्हाळ्यात प्रस्ताव पुन्हा आला, तेव्हा त्याच्या पाठीशी तीन गोष्टी होत्या. सुसेने सहा वर्षे हीच फाइल सिस्टिम आपल्या पैसे मोजणाऱ्या ग्राहकांच्या मूळ विभागावर चालवली होती. फेसबुकने ती आपल्या सर्व्हरांवर मोठ्या प्रमाणावर वापरली होती आणि तिचे काही प्रमुख विकासक, क्रिस मेसन यांच्यासह, तेथेच काम करत होते. आणि फेडोरातले काही जण, फेसबुकच्या अभियंत्यांना सोबत घेऊन, येणाऱ्या तक्रारींची जबाबदारी घ्यायला नावानिशी पुढे आले होते. तिसरी गोष्ट 2011 मध्ये नव्हती आणि माझ्या समजुतीप्रमाणे तीच निर्णायक ठरली.

प्रस्तावातले रोजच्या वापरातले कारण फार साधे होते. फेडोरा तोवर डिस्कचे दोन विभाग पाडत असे, एक प्रणालीसाठी आणि एक वापरकर्त्याच्या फाइलींसाठी, आणि दोन्हींवर ईएक्सटी4 घालत असे. समजा, 500 जीबीच्या डिस्कवर प्रणालीला 70 जीबी मिळाले. काही महिन्यांनी कंटेनर आणि मोठी सॉफ्टवेअरे बसवता बसवता ते 70 जीबी भरतात आणि पलीकडे 300 जीबी मोकळे असूनही संगणक अडतो, कारण मधली भिंत हलवणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नसते. बीटीआरएफएसमध्ये हे दोन विभाग ‘सबव्हॉल्यूम’ होतात : हिशेब वेगवेगळे, जागा सामाईक. आज नव्याने बसवलेल्या फेडोरावर मोकळी जागा दाखवणारी ‘डीएफ’ ही आज्ञा चालवली, तर मूळ विभाग आणि होम (वापरकर्त्याच्या फाइलींचा भाग) यांच्यापुढे अगदी तेच आकडे दिसतात. नवख्याला वाटते की संगणक एकच जागा दोनदा मोजतो आहे. प्रत्यक्षात त्या दोघांमधली भिंत पाडलेली असते.

आक्षेपही गंभीर होते. ईएक्सटी4ची डिस्क बिघडली तर तिचे दुरुस्तीचे साधन तिला बहुतेक वेळा उघडण्याजोग्या अवस्थेत आणते, मग काही फाइली गमावल्या तरी चालतील, अशी त्याची रीत आहे. बीटीआरएफएसची खतावणी बिघडली तर सल्ला वेगळा मिळतो : डिस्क फक्त वाचण्यापुरती उघडा, जेवढे निघेल तेवढे बाहेर काढा आणि डिस्क नव्याने तयार करा. दुरुस्तीची आज्ञा जाणकाराला विचारल्याशिवाय चालवू नका, असे तिचेच कर्ते सांगतात. ज्याने त्या पडद्यावर ‘पुढे’ दाबले, त्याला हे जमेल का? हा प्रश्न तेव्हाही पूर्ण सुटला नव्हता आणि आजही तो पूर्ण सुटला आहे असे मी म्हणणार नाही.

फेडोराच्या अभियांत्रिकी सुकाणू समितीने जुलै 2020 मध्ये प्रस्ताव मंजूर केला, पण पाऊल जपून टाकले. बदल फक्त डेस्कटॉपसाठी होता. फेडोरा सर्व्हरवर एक्सएफएस तशीच राहिली. फाइली आपोआप दाबून लहान करण्याची सोय उपलब्ध असूनही लगेच सुरू केली गेली नाही. ती एप्रिल 2021 मध्ये, 34व्या आवृत्तीत, ‘झेडस्टँडर्ड’ पद्धतीच्या सर्वांत हलक्या पातळीवर आली. सुसेसारखे आपोआप स्नॅपशॉटही ठेवले नाहीत. संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा लहानसा विभाग ईएक्सटी4वरच राहिला, आणि आजच्या संगणकांच्या फर्मवेअरला वाचता यावा म्हणून एक छोटा विभाग डॉसच्या काळापासून चालत आलेल्या फॅट पद्धतीचाच ठेवावा लागतो. म्हणजे ‘फेडोराने बीटीआरएफएस घेतली’ असे म्हणताना एका डिस्कवर प्रत्यक्षात तीन फाइल सिस्टिम नांदत असतात.

मग रेड हॅटने तीच का सोडली? रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्सच्या एका आवृत्तीला दहा वर्षांचा पाठिंबा असतो आणि त्या काळात तिचा मूळ कर्नल बदलत नाही. जगात होणाऱ्या सुधारणा निवडून त्या जुन्या कर्नलमध्ये हाताने उतरवाव्या लागतात. बीटीआरएफएस वेगाने बदलत होती. त्या सुधारणा दहा वर्षे उतरवत राहायला तिच्यावर मुरलेली माणसे घरात हवीत, आणि रेड हॅटकडे जी नावाजलेली फळी होती ती एक्सएफएस आणि ईएक्सटी4ची होती. म्हणून कंपनीने 2017 मध्ये 7.4 आवृत्तीत ती पुढे काढली जाईल असे जाहीर केले आणि 8व्या आवृत्तीत काढली. फेडोराच्या एका आवृत्तीचे आयुष्य सुमारे तेरा महिन्यांचे असते आणि तिला नवे कर्नल मूळ प्रवाहातून सतत मिळत राहतात, त्यामुळे आज झालेली दुरुस्ती थोड्याच दिवसांत वापरकर्त्यापर्यंत पोहोचते. एक वचन दहा वर्षे काहीही न हलवण्याचे आहे, दुसरे सतत ताजे ठेवण्याचे. फाइल सिस्टिम तीच असली तरी पहिले वचन पाळण्याची कुवत त्या घरात नव्हती आणि दुसरे पाळण्याची होती.

झेडएफएसबद्दल विचारणा होतेच. सन कंपनीत घडलेली ही फाइल सिस्टिम गुणांत बीटीआरएफएसच्या तोडीची आणि अनेक बाबतींत तिच्याहून मुरलेली आहे, पण तिचा परवाना लिनक्स कर्नलच्या परवान्याशी जुळत नाही असे बहुतेक वितरणे मानतात, म्हणून ती कर्नलचा भाग होऊ शकलेली नाही. उबुंटूने 2016 मध्ये तिचे तयार मॉड्यूल, म्हणजे कर्नलला बाहेरून जोडायचा तुकडा, सोबत देण्याचे धाडस केले, तरीही तिला डीफॉल्ट केले नाही. ‘बीकॅशएफएस’ ही नवी फाइल सिस्टिम जानेवारी 2024 च्या 6.7 कर्नलमध्ये आली आणि कामाच्या पद्धतीवरून झालेल्या मतभेदांनंतर 2025 अखेरच्या 6.18 मधून काढली गेली. दोन वर्षांत आत येऊन बाहेर गेलेल्या कोडवर कोणत्याही वितरणाने कोणाचे फोटो सोपवू नयेत, मग त्या कोडचा कर्ता कितीही हुशार असो.

डीफॉल्ट बदलला की सगळ्यांच्या डिस्क बदलतात, असा एक समज आढळतो. तो खरा नाही. ईएक्सटी4ची डिस्क जागच्या जागी बीटीआरएफएसमध्ये रूपांतरित करणारे साधन आहे, पण फेडोराने ते कोणावरही आपोआप चालवले नाही. नवा डीफॉल्ट फक्त नव्याने बसवणाऱ्यांना मिळाला. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये ज्याने फेडोरा 32 वरून 33 वर प्रणाली केवळ अद्ययावत केली, त्याच्या डिस्कवर आदल्या दिवशी होती तीच ईएक्सटी4 दुसऱ्या दिवशीही होती. तो तेव्हापासून दर सहा महिन्यांनी अद्ययावत करत आला असेल, तर आजही तीच आहे, आणि फेडोराच्या नव्या कर्नलमध्ये तिचा आधार आजही कायम आहे.